शोकाचे दिवस आणि दाव्याची मुदत

८ ऑक्टोबर २०२२ रोजी, पहाटेचा अंधार अद्याप सरला नव्हता अशा वेळी, यवतमाळहून मुंबईकडे निघालेली एक खासगी स्लीपर बस नाशिक शहराच्या वेशीवर, औरंगाबाद रस्त्यावरील नांदूर नाक्याजवळच्या मिरची हॉटेल चौकात एका अवजड मालवाहू वाहनावर आदळली आणि पाहता पाहता पेटली. झोपेत असलेल्या प्रवाशांपैकी बारा जण त्या आगीत मृत्युमुखी पडले आणि चाळीसच्या आसपास लोक जखमी झाले. त्याच दिवशी राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्याची घोषणा झाली. चौकाची रचना, बसमधील प्रवाशांची संख्या, आगीचे कारण या सर्वांची चर्चा पुढे कित्येक दिवस चालली. मात्र त्याच पहाटेपासून आणखी एक गोष्ट सुरू झाली होती आणि तिची बातमी कोठेच झाली नाही. मृतांच्या कुटुंबीयांनी व जखमींनी न्यायाधिकरणापुढे नुकसानभरपाईचा दावा दाखल करण्यासाठी कायद्याने घालून दिलेली सहा महिन्यांची मुदत त्या क्षणापासून चालू लागली होती, आणि एप्रिल २०२३ च्या पहिल्या आठवड्याअखेर ती सरणार होती.

अपघातग्रस्तांच्या बाबतीत आपल्या समाजात जो सर्वांत मोठा आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज रूढ आहे, तो या दोन गोष्टींच्या सरमिसळीतून जन्मतो. शासन जे जाहीर करते ते सानुग्रह अनुदान होय; ती मदत असते, सांत्वन असते, राज्याने आपल्या प्रजेच्या दुःखात दाखवलेली सहानुभूती असते, आणि तिचा आकडा त्या त्या वेळच्या शासनाच्या विवेकावर अवलंबून असतो. नुकसानभरपाई ही याहून सर्वस्वी भिन्न वस्तू आहे. ज्याच्या हयगयीमुळे हानी झाली त्याने, आणि त्याच्या वतीने त्याच्या विमा कंपनीने, ती हानी पैशाच्या रूपाने शक्य तेवढी भरून द्यावी, हा पीडिताचा हक्क आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्याच डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून रुग्णांचे प्राण गेले, तेव्हा राज्य शासन आणि महानगरपालिका या दोघांनीही प्रत्येकी पाच लाख रुपये वारसांना जाहीर केले, ही गोष्ट योग्यच झाली. परंतु अशा रकमेचा धनादेश हाती पडला म्हणजे प्रकरण मिटले, आता आणखी काही मागणे बरे दिसत नाही, अशी जी समजूत घराघरांत करून घेतली जाते, ती समजूत विधवेला आणि लहान मुलांना त्यांच्या न्याय्य हक्कापासून वंचित ठेवते. मदत घेतल्याने दावा बुडत नाही. दावा बुडतो तो मुदत उलटल्याने, कागद न मिळाल्याने, किंवा काय स्वीकारतो आहोत हे न समजता सही केल्याने.

या मुदतीचा इतिहासही जाणून घेण्याजोगा आहे. मोटार अपघातांसाठी निराळे न्यायाधिकरण असावे, दिवाणी न्यायालयातील दीर्घ कज्जेदलालीतून पीडितांची सुटका व्हावी, या हेतूने १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अशी न्यायाधिकरणे स्थापण्याची तरतूद झाली. पुढे १९८८ चा नवा कायदा आला तेव्हा त्याच्या कलम १६६ मध्ये दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत ठेवली गेली, आणि सबळ कारण असेल तर न्यायाधिकरणाने विलंब माफ करून अपघातापासून फार तर बारा महिन्यांपर्यंत दावा दाखल करून घ्यावा अशी सवलत जोडली गेली. परंतु रस्त्यावर मरणाऱ्यांत गोरगरीब व निरक्षर कुटुंबांचे कर्ते पुरुष किती असतात, आणि त्यांच्या घरच्यांना ही मुदत कळेपर्यंत ती कशी निघून गेलेली असते, हे अनुभवास आल्यावर संसदेने १९९४ च्या दुरुस्तीने ती मुदतच काढून टाकली. त्यानंतर सुमारे सत्तावीस वर्षे या देशात मोटार अपघाताच्या दाव्याला कालमर्यादा नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली. १ एप्रिल २०२२ पासून ती अमलात आली. आणि या वेळी विलंब माफ करण्याची जुनी सवलतही कलमात ठेवली गेली नाही.

कायद्यातील या बदलाचा अर्थ नाशिक जिल्ह्यातील दोन अपघात शेजारी शेजारी ठेवले असता स्पष्ट होतो. २८ जानेवारी २०२० रोजी देवळा तालुक्यात, मालेगाव रस्त्यावरील मेशी फाट्याजवळ, एसटीची बस आणि अ‍ॅपे रिक्षा यांची टक्कर होऊन दोन्ही वाहने रस्त्याकाठच्या विहिरीत कोसळली आणि सव्वीस माणसे प्राणांस मुकली. त्या दिवशी दाव्याची कोणतीही मुदत अस्तित्वात नव्हती. वर्षश्राद्ध उरकून, मन थोडे स्थिर झाल्यावर, वकिलाकडे गेलेल्या वारसालाही न्यायाधिकरणाचे दार उघडे होते. त्यानंतर पावणेतीन वर्षांनी नांदूर नाक्यावर ज्यांची माणसे गेली, त्यांचे दुःख तसूभरही कमी नव्हते. परंतु त्यांच्या वाट्याला आलेला कायदा मात्र निराळा होता, आणि त्या कायद्याने त्यांना शोक करण्यासाठी व कागद जमवण्यासाठी मिळून एकंदर सहाच महिने दिले होते.

या कठोरतेविरुद्ध अनेक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने असा अंतरिम आदेश दिला की, या तरतुदीच्या वैधतेचा निर्णय लागेपर्यंत केवळ सहा महिने उलटले या कारणास्तव न्यायाधिकरणांनी वा उच्च न्यायालयांनी दावे फेटाळू नयेत. ज्यांची मुदत टळली आहे त्यांनी निराश न होता या आदेशाचा आधार घेऊन तत्काळ दावा दाखल करावा. परंतु ज्याची मुदत अजून शिल्लक आहे त्याने या आदेशावर विसंबून स्वस्थ बसणे हिताचे नाही. कारण अंतरिम आदेश हा अखेरचा निवाडा नव्हे, आणि शिवाय कायद्याच्या कलम १७१ प्रमाणे भरपाईवरील व्याज दावा दाखल केल्याच्या तारखेच्या मागे जाऊन मिळत नाही. अपघातापासून दाव्यापर्यंत जितके महिने वाया जातात तितक्या महिन्यांचे व्याज कायमचे बुडते, आणि रक्कम मोठी असेल तर ही तूट एखाद्या मुलाच्या शिक्षणाच्या खर्चाएवढी होते.

हे सहा महिने एखाद्या साध्या कुटुंबात कसे जातात, याचा विचार प्रत्येकाने एकदा तरी करावा. माणूस यवतमाळ वा वाशीम जिल्ह्यातील एखाद्या गावाचा. मृत्यू घडला नाशिकला. शवविच्छेदन नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात. मृत्यूचा दाखला नाशिक महानगरपालिकेचा. गुन्ह्याचे कागद इथल्या पोलीस ठाण्यात. आणि विधवा, सासू-सासरे, मुले शेकडो किलोमीटरच्या प्रवासाने जणू दुसऱ्या देशात असल्यासारखी दूर. दहावे-तेरावे होते, पाहुणे परततात, शेतीचा हंगाम किंवा नोकरीच्या ठिकाणचे हिशेब पुढे येतात, वारसाची नोंद तलाठ्याकडे अडकते, बँकेतील खाते कोणाच्या नावे करावयाचे यावरून घरात कुरबुर सुरू होते. आणि या सगळ्या गडबडीत कोणी जाणता माणूस भेटून ‘क्लेम टाकला का?’ असे विचारीपर्यंत चार-पाच महिने निघून गेलेले असतात. विधवेला बहुधा असे वाटत असते की आता नाशिकला हेलपाटे घालणे आपल्याच्याने व्हायचे नाही. वस्तुतः कायद्याने याबाबत तिची काळजी घेतलेली आहे. अपघात जेथे घडला तेथील न्यायाधिकरणापुढे जसा दावा करता येतो, तसाच दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील न्यायाधिकरणापुढेही तो करता येतो. नाशिकच्या चौकात गेलेल्या माणसाचा दावा त्याच्या पत्नीने आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, आपल्या गावाजवळच्या वकिलामार्फत दाखल करण्यास कोणतीही हरकत नाही. ही एक गोष्ट जरी दूरवरच्या गावांत पोहोचली, तरी कित्येक दावे मुदतीत दाखल होतील.

दाव्याला लागणारे कागद फार नाहीत, पण ते वेळीच गोळा करावे लागतात. पोलिसांतील फिर्याद म्हणजे एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वाहनाचे आरसी बुक, विम्याची पॉलिसी, चालकाचा परवाना, मृताच्या वयाचा व उत्पन्नाचा पुरावा, आणि वारसांचे दाखले, एवढे दस्तऐवज म्हणजे दाव्याचा पाया. यांपैकी पंचनाम्याकडे सामान्य माणूस फारसे लक्ष देत नाही. परंतु वाहनांची दिशा, चाकांच्या खुणा, रस्त्याची रुंदी, टक्कर कोणत्या बाजूला झाली, दिवे होते की नव्हते, या ज्या तपशिलांवर पुढे चूक कोणाची हे ठरते, ते तपशील त्या एका कागदावर असतात, आणि तो कागद चुकीचा लिहिला गेला तर वर्षानुवर्षे साक्षीपुरावा करूनही ती चूक निस्तरणे कठीण जाते. शक्य असेल तेव्हा कुटुंबातील वा गावातील एखाद्या शहाण्या माणसाने तेथे हजर राहावे, छायाचित्रे घ्यावीत, आणि नोंदीची प्रत मागून घ्यावी.

या बाबतीत २०२२ च्या नियमांनी पोलिसांवर एक मोठी जबाबदारी टाकलेली आहे, आणि ती जनतेला ठाऊक असणे अगत्याचे आहे. अपघाताची प्राथमिक माहिती तपासी अंमलदाराने अठ्ठेचाळीस तासांच्या आत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला कळवावी. पन्नास दिवसांच्या आत अंतरिम अहवाल द्यावा. आणि नव्वद दिवसांच्या आत सविस्तर अपघात अहवाल, सर्व कागदपत्रांसह, न्यायाधिकरणापुढे ठेवावा. कलम १६६ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे न्यायाधिकरणाने असा अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजून चालवावयाचा आहे, आणि विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने त्यानंतर तीस दिवसांत तडजोडीची रक्कम कळवावयाची आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीविषयी राज्यांना व पोलिसांना सविस्तर निर्देशही दिले. या योजनेचा गाभा अत्यंत मानवी आहे: शोकाकुल कुटुंबाने कचेरीच्या पायऱ्या झिजवू नयेत, राज्याच्या यंत्रणेनेच त्याचा हक्क न्यायासनापर्यंत नेऊन पोहोचवावा. परंतु नियम कागदावर असणे आणि तो प्रत्येक पोलीस ठाण्यात पाळला जाणे यांत अंतर असते. म्हणून वारसांनी आपणहून ठाण्यात जाऊन सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला की नाही याची चौकशी करावी, त्याची प्रत मागावी, आणि अहवाल गेला आहे असे कळले तरीही आपला स्वतंत्र दावा मुदतीत दाखल करून ठेवावा.

आता भरपाईचा आकडा कसा ठरतो ते पाहू. कारण न्यायाधीशाच्या मनात येईल ती रक्कम मिळते असा जो समज आहे तो खरा नाही. २००९ सालच्या सरला वर्मा खटल्यात आणि २०१७ सालच्या प्रणय सेठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिशेबाची जी रीत घालून दिली, ती आज देशभर चालते. उदाहरणादाखल असे समजू की, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात महिना पंधरा हजार रुपये मिळवणारा बत्तीस वर्षांचा एक मजूर रस्त्यावर मरण पावला, आणि त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व वृद्ध आई असा चौघांचा परिवार राहिला. त्याचे वर्षाचे उत्पन्न एक लाख ऐंशी हजार. पुढे त्याची मिळकत वाढली असती, म्हणून चाळीस वर्षांखालील स्वयंरोजगारी वा ठरावीक रोजगारावरील माणसाच्या बाबतीत त्यात चाळीस टक्के मिळवावयाचे. म्हणजे दोन लाख बावन्न हजार झाले. तो स्वतःवर काही खर्च करीतच होता, म्हणून चार ते सहा अवलंबित असताना त्यातून चौथा हिस्सा वजा करावयाचा. उरले एक लाख एकोणनव्वद हजार. एकतीस ते पस्तीस या वयासाठी गुणक सोळा आहे. तेव्हा गुणाकार तीस लाख चोवीस हजारांचा झाला. याशिवाय पत्नीने गमावलेला सहवास, मुलांनी गमावलेले छत्र, आईने गमावलेला पुत्र यांसाठी प्रत्येकी, तसेच अंत्यसंस्कार व संपदाहानी यांसाठी ठरावीक रकमा मिळतात. प्रणय सेठी खटल्यात त्या अनुक्रमे चाळीस हजार, पंधरा हजार व पंधरा हजार ठरल्या आणि दर तीन वर्षांनी त्यांत दहा टक्के वाढ करावी असे सांगितले गेले. दोन वाढी धरल्या तर चौघांचे मिळून एक लाख त्र्याण्णव हजार सहाशे आणि उरलेल्या दोन बाबींचे छत्तीस हजार तीनशे होतात. एकूण बत्तीस लाख त्रेपन्न हजार नऊशे, आणि त्यावर व्याज. घोषणेतले पाच आणि दोन मिळून सात लाख घेऊन जे कुटुंब गप्प बसते, ते कशावर पाणी सोडते याची कल्पना या एका हिशेबावरून यावी.

याच हिशेबात मुद्दाम लक्षात ठेवण्याजोग्या दोन-तीन गोष्टी आहेत. मृताच्या आयुर्विम्याचे पैसे भरपाईतून वजा होत नाहीत. हा सिद्धान्त सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली, महाराष्ट्राच्या एसटी महामंडळाविरुद्धच्या खटल्यातच मांडला. घरी राहून संसार सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही मोल आहे, तिचे उत्पन्न अनुमानाने धरून तिच्या मृत्यूची भरपाई करावी लागते, हेही त्या न्यायालयाने वारंवार सांगितले आहे; तेव्हा ‘ती काही कमावत नव्हती’ असे म्हणून तिच्या वारसांनी दावाच न करणे हे तिच्या आयुष्यभराच्या कष्टांचा अवमान करण्यासारखे आहे. आणि दोन वाहनांची टक्कर होऊन त्यांतील प्रवासी जखमी वा मृत झाला, तर कोणाचा दोष किती या वादात त्याने अडकण्याचे कारण नाही. दोन्ही वाहनांच्या मालकांपैकी व विमा कंपन्यांपैकी कोणाहीकडून तो पूर्ण रक्कम मागू शकतो, त्यांनी आपसांत वाटणी खुशाल करावी.

जे जगतात त्यांचा प्रश्न काही वेळा मृतांच्या वारसांहून अधिक बिकट असतो. जखमीला औषधोपचाराचा खर्च, बुडालेला रोजगार, भोगलेल्या यातना, पुढे लागणारी शुश्रूषा या सर्वांची भरपाई मागता येते. आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याचे मोजमाप शरीराच्या टक्क्यांवरून न करता त्या माणसाच्या उपजीविकेवर झालेल्या परिणामावरून करावे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० सालच्या निकालापासून स्थिर झालेला आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीच्या हंगामात कात्री चालवणाऱ्या मजुराच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली, तर वैद्यकीय दाखल्यावर अपंगत्व पंधरा-वीस टक्के लिहिलेले असेल. परंतु कात्री धरण्याची पकडच गेली असेल तर त्याचा धंदा जवळजवळ पुरा बुडाला, आणि हे न्यायाधिकरणाला पटवून देण्यासाठी त्याच्या मुकादमाची, बागायतदाराची, डॉक्टरची साक्ष काढावी लागते. म्हणून जखमीने रुग्णालयातील प्रत्येक पावती, प्रत्येक एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि पुढच्या तपासण्यांचे कागद एका पिशवीत नीट जपून ठेवावेत. आणि डॉक्टरांना आपण नेमके कोणते काम करतो हे सांगून ते केसपेपरवर लिहून घ्यावे. उपचाराच्या पहिल्या दिवसांची विवंचना हलकी करण्यासाठी मे २०२५ पासून केंद्र शासनाने रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचार देण्याची योजना आणली आहे. तिचा लाभ नियुक्त रुग्णालयात आग्रहाने मागावा.

काही ठिकाणी मात्र पाऊल जपून टाकावे लागते. कलम १६४ प्रमाणे, चूक कोणाची हे सिद्ध न करताही, मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये मिळू शकतात. ज्या प्रकरणात पुरावा दुबळा आहे किंवा मृताचीच चूक असण्याचा संभव आहे तेथे हा मोठा आधार होय; परंतु विमा कंपनीच्या तडजोडीत या कलमाखालची रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो, ही अट कायद्यातच आहे. म्हणून सही करण्यापूर्वी वर केला तसा हिशेब करून पाहावा आणि वकिलाला विचारावे. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात, आणि त्याची चौकशी प्रांताधिकारी वा तहसीलदार यांच्याकडे होते. रुग्णालयाच्या दारातच गाठून ‘सगळे आम्ही पाहतो, मिळेल त्यात इतका हिस्सा आमचा’ असे सांगणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. वकिलाने निकालाच्या रकमेतील हिस्सा ठरवून फी घेणे हे वकिलीच्या नियमांना धरून नाही. ज्याला वकील परवडत नाही त्याने जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे; स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि ज्यांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली आहे असे लोक यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो, आणि स्त्रीच्या बाबतीत तर उत्पन्नाची अटही नाही. निकाल पसंत न पडला तर उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत नव्वद दिवसांची आहे, हेही विसरू नये.

मोटारीखेरीज इतर अपघातांना निराळी दारे आणि निराळ्या मुदती आहेत. नाशिक रोड वा मनमाडच्या फलाटावर गाडीतून पडून प्रवाशाचा मृत्यू झाला, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे एक वर्षाच्या आत जावे लागते, आणि १ जानेवारी २०१७ पासून ही भरपाई आठ लाख रुपये आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम करताना हात यंत्रात सापडला, तर मालकाकडून भरपाई मागण्यासाठी १९२३ च्या कायद्याने दोन वर्षांची मुदत घातली होती. तो कायदा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. रुग्णालयाच्या वा अन्य सेवेच्या हलगर्जीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षे मिळतात. आणि रस्त्यातील खड्ड्यांमुळे वा उघड्या गटारांमुळे झालेल्या अपघातांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असा आदेश दिला आहे की, मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना दुखापतीच्या मानाने पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत रक्कम संबंधित यंत्रणेने द्यावी. पावसाळ्यात नाशिकच्या रस्त्यांची जी अवस्था होते ती पाहता, हा आदेश प्रत्येक दुचाकीस्वाराच्या घरी ठाऊक असावा.

एवढे सर्व असूनही कित्येक घरांत दावा होत नाही, याला अज्ञानाइतकेच दुसरेही एक कारण आहे. ‘गेलेल्या माणसाचे पैसे खायचे का?’ हा प्रश्न आपल्या आयाबायांच्या ओठांवर येतो, आणि त्यामागची भावना आदरणीयही आहे. ज्याच्यावर जीव लावला त्याची किंमत रुपयांत करावी हे कोणाही सहृदय माणसाला सहन होत नाही. परंतु न्यायाधिकरण गेलेल्याची किंमत करीतच नाही. त्याच्या हातून मुलांच्या शाळेची फी, आईची औषधे, घराचे भाडे, किराणा हे जे दरमहा येत होते आणि यापुढे येणार नाही, त्याची ती मोजदाद असते, आणि ते ज्याच्या चुकीने बंद पडले त्याने ते चालू ठेवावे एवढाच तिचा अर्थ. म्हणूनच न्यायाधिकरण अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम बहुधा बँकेत मुदत ठेवीत गुंतवण्याचा हुकूम देते. जो बाप जिवंत असता तर याच खर्चासाठी राबला असता, त्याच्या नावाने मुलांचे हक्काचे पैसे मिळवणे हे त्याच्या स्मृतीशी इमान राखणे होय. शिवाय दाव्याचा एक सामाजिक गुणही आहे: भरपाई द्यावी लागते म्हणूनच वाहनमालक चालकाची निवड, वाहनाची देखभाल आणि प्रवाशांची संख्या यांकडे लक्ष देऊ लागतो, ज्या समाजात पीडित गप्प बसतात तेथे हयगय स्वस्त होते.

तेव्हा करावयाचे काय, याचे उत्तर फारसे अवघड नाही. मुदत अपघाताच्या दिवसापासून मोजली जाते, म्हणजे कुटुंब जेव्हा मोजण्याच्या मनःस्थितीत सर्वांत कमी असते तेव्हापासून. म्हणून तिची आठवण करून देण्याचे काम त्या कुटुंबाबाहेरच्या लोकांनी अंगावर घेतले पाहिजे. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यांवर देशभरातून लोटणारी वाहने ध्यानी घेऊन रस्ते रुंद करण्याची आणि पूल बांधण्याची घाई चालू आहे. त्याच घाईत जिल्ह्यातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांच्या अपघात विभागांत, शवविच्छेदनगृहाच्या दारात आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर, ठळक मराठीत आणि हिंदीत, एक फलक लावावा: दावा सहा महिन्यांत दाखल करा. तो आपल्या राहत्या जिल्ह्यातही करता येतो. पोलिसांकडून सविस्तर अपघात अहवालाची प्रत मागा. वकील विनामूल्य मिळण्यासाठी विधी सेवा प्राधिकरणात जा. मृत्यूचा दाखला देणाऱ्या कारकुनाने त्यासोबत एवढ्याच चार ओळींचा छापील कागद हाती ठेवला तरी पुरे. आणि ज्या वाचकाच्या गावात, आळीत वा नात्यात अपघाताने माणूस गेले आहे, त्याने तेराव्याच्या दिवशी भेटायला जाताना सांत्वनाच्या शब्दांबरोबर घरातील एखाद्या जाणत्या माणसाला बाजूला घेऊन अपघाताची तारीख विचारावी, तिच्यापासून सहा महिने मोजून ती तारीख त्याच्या वहीत लिहून द्यावी, आणि कागद गोळा करायला पहिल्या खेपेस स्वतः त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे.